पोटातली तटबंदी आणि नळातली तटबंदी

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातून पुण्याच्या रुग्णालयांत एकामागून एक रुग्ण दाखल होऊ लागले. बहुतेकांच्या तक्रारींचा क्रम सारखाच होता. आधी दोन-चार दिवस जुलाब आणि पोटदुखी. पोट सावरते न सावरते तोच हातापायांना मुंग्या. मग जिना चढता न येणे, ताटातला घास उचलताना हात न वळणे आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही दुबळे झाल्याने थेट व्हेंटिलेटर. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच 'जीबीएस', हे तोवर वैद्यकीय पुस्तकातले नाव महिनाभरात पुण्यातल्या घराघरांत पोचले. राज्य सरकारने शीघ्र कृती पथक नेमले, केंद्राचे पथक येऊन गेले, राष्ट्रीय विषाणू संस्थेत म्हणजे एनआयव्हीत नमुन्यांची तपासणी झाली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. संशयाची सुई पाण्यावर स्थिरावली. मार्चच्या सुरुवातीपर्यंत संशयित रुग्णांची संख्या सव्वादोनशेच्या घरात गेली होती आणि संशयितांसह दहाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती.

त्या दिवसांत या भागातील सोसायट्यांच्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघे. तेच पाणी हजारो लोक पीत होते. एकाच इमारतीच्या टाकीतून, एकाच घरातल्या पिंपातून. मग एकाला व्हेंटिलेटर, दुसऱ्याला दोन दिवसांची पोटदुखी आणि तिसऱ्याला काहीच नाही, असे का झाले?

प्रश्न साधा वाटतो. पण तो थेट शरीरशास्त्राच्या गाभ्याला हात घालतो. पाणी दूषित होते की नाही, किती होते, हा प्रयोगशाळेचा विषय. घशाखाली उतरलेल्या जंतूंचे पुढे काय होते, हे मात्र पिणाऱ्याच्या शरीरात ठरते आणि त्यातील पहिल्या काही तासांचा निकाल लागतो तो लशीने किंवा आधीच्या आजाराने मिळालेल्या प्रतिकारशक्तीवर नाही. तो लागतो जन्मतःच मिळालेल्या, समोरचा जंतू कोणता याची चौकशी न करता सरसकट मारा करणाऱ्या संरक्षणावर. शालेय पुस्तकांत त्याला 'अविशिष्ट प्रतिकारशक्ती' म्हणतात. नाव रुक्ष आहे, काम मात्र अहोरात्र चालते. ही तटबंदी किती मजबूत आहे आणि ती कुठे संपते, हे कळल्याशिवाय सिंहगड रस्त्यावर नेमके काय घडले, याचा उलगडा होत नाही.

एका घोटाचा प्रवास

पाण्याच्या एका घोटाबरोबर निघालेल्या जंतूला पहिला अडथळा तोंडातच होतो. लाळेत लायसोझाइम नावाचे विकर असते. अनेक जिवाणूंच्या बाह्य भिंतीची वीण ते उसवते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये याची माहिती प्रसिद्ध केली होती. हेच द्रव्य अश्रूंतही असते, म्हणून धुळीने माखलेल्या रस्त्यावरून दुचाकी हाकूनही डोळे रोज येत नाहीत. अर्थात पाण्याचा घोट तोंडात क्षणभरच थांबतो, त्यामुळे लाळेकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

खरी चकमक जठरात होते. रिकाम्या जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असते. अन्न पचवण्यासाठी ते आहे, असे आपण शाळेत शिकतो. पण जंतूंचे निर्दालन हे त्याचे तितकेच मोठे काम आहे. याचा सज्जड पुरावा कॉलऱ्याच्या अभ्यासातून मिळाला. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की जठरातील आम्ल शाबूत असताना कॉलऱ्याचे कोट्यवधी जंतू पोटात गेले तरी बहुतेकांना काही होत नाही; पण त्याआधी खाण्याचा सोडा देऊन आम्ल मारले, तर त्याहून कितीतरी कमी जंतू आजाराला पुरे पडतात. जंतू तोच, माणसे तशीच. फरक फक्त आम्लाचा.

येथे शहरी वाचकांनी थोडे थांबावे असा एक तपशील आहे. सकाळी चहाआधी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी घेणे हा अनेक घरांत दात घासण्याइतका नेमाचा विधी झाला आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा कितीतरी जास्त काळ, बरेचदा औषधाच्या दुकानातून परस्पर आणून, ती घेतली जाते. ही औषधे नियमित घेणाऱ्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला या जंतूंच्या आतड्यातील संसर्गाचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. ज्यांना अल्सरसारख्या आजारासाठी ती दिलेली आहे, त्यांनी ती मनाने बंद करू नये, हे उघड आहे. पण वर्षानुवर्षे 'ॲसिडिटी'च्या नावाखाली चालू असलेली गोळी म्हणजे दारावरचा पहारेकरी स्वहस्ते झोपवणे होय, याची जाणीव ती घेणाऱ्याला क्वचितच असते.

पहारेकरी जागा असला, तरी त्याला फसवता येते. रिकाम्या पोटी प्यालेले पाणी जठरात फार वेळ रेंगाळत नाही. काही मिनिटांत ते पुढे सरकू लागते. त्याबरोबर आलेल्या जंतूंना आम्लाचा तडाखा कमी वेळ बसतो. उलट, दूध किंवा स्निग्ध अन्नाबरोबर आलेले जंतू त्या अन्नाच्या आडोशाने तगतात. पाण्यातून पसरणारे रोग एवढे चिवट का, याचे एक कारण या साध्या वेगात दडलेले आहे.

आम्लातून सुटलेल्या जंतूची गाठ लहान आतड्यात पित्तरसाशी आणि चिकट श्लेष्माच्या थराशी पडते. आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी डिफेन्सिन नावाची, जिवाणूंच्या पटलाला भोके पाडणारी द्रव्ये सोडतात. खुद्द अस्तरच दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जुन्या पेशी, त्यांना चिकटलेल्या जंतूंसह, गळून पडतात. शिवाय आतड्याची लयबद्ध हालचाल सारे पुढे ढकलत असते. जुलाब हा त्याच हालचालीचा टोकाचा आविष्कार. म्हणून ताप आणि रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये, असे डॉक्टर सांगतात. घाण बाहेर टाकण्याचा शरीराचा मार्गच त्याने बंद होतो.

मोठ्या आतड्यात पहारा वेगळ्याच सैन्याकडे आहे. तिथे वास्तव्याला असलेले अब्जावधी उपकारक जिवाणू जागा आणि अन्न दोन्ही व्यापून बसतात. आगंतुकाला पाय रोवायला जागाच उरत नाही. भारतीयांच्या आतड्यातील या वस्तीची ठेवण पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यात प्रिव्होटेला गटातील जिवाणूंचे प्राबल्य आढळते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनीही या विषयावर काम केले आहे. सर्दीसाठी घेतलेल्या प्रत्येक अनावश्यक प्रतिजैविकाने याच वस्तीत पडझड होते, हे त्या संदर्भात ध्यानात घेतलेले बरे. सर्दी विषाणूची, मार मात्र आतड्यातल्या रखवालदारांना.

शत्रूची खूण ओळखणाऱ्या पेशी

हे सारे अडथळे ओलांडून जंतू पेशींच्या आत शिरला, तर दुसरी फळी उभी राहते. तिचा शोध १८८२ चा. सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रतारकेच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भटक्या पेशींचा घोळका जमलेला पाहिला. भक्षक पेशींचा सिद्धान्त त्यातून जन्मला. १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल मिळाले. मेचनिकॉव्ह यांचा महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. त्यांचेच शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत राहून १८९७ च्या आरंभी प्लेगची लस तयार केली. गुरूने जन्मजात संरक्षण शोधले, शिष्य मिळवलेले संरक्षण टोचत हिंडला.

आज कोणत्याही रक्ततपासणीच्या 'सीबीसी' अहवालात न्यूट्रोफिलची टक्केवारी छापलेली असते. हेच ते भक्षक. अस्थिमज्जेत रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि बहुतेक एक-दोन दिवसांत संपतात. जखमेत दिसणारा पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच कलेवरे. त्यांना आणि त्यांच्या जोडीच्या मोठ्या भक्षक पेशींना शत्रू कसा कळतो, हे कोडे सुटायला मात्र विसावे शतक संपत आले. जिवाणूंच्या अनेक जातींत सामाईक असलेल्या काही खुणा असतात, जसे बाह्य आवरणातील रेणू किंवा पोहण्यासाठी असलेल्या शेपटीतील प्रथिने. त्या ओळखणारे 'टोल' नावाचे ग्राहक आपल्या पेशींवर असतात. कोणता जंतू, हे त्यांना कळत नाही. 'हा आपल्यातला नव्हे', एवढेच कळते. त्यांच्यावरील कामासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलचा वाटा मिळाला. धोक्याची खूण पटली, की पेशी रासायनिक हाकारे घालतात, रक्तवाहिन्या सैल होतात, भक्षक धावतात, मेंदूतील तापमानाची कळ वर सरकते आणि आपल्याला ताप येतो.

तापाला आपण आजार मानतो. बहुतेक वेळा तो प्रतिकाराचा भाग असतो.

पहारा चुकवणारा जंतू

आता पुन्हा सिंहगड रस्त्यावर येऊ. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा मुख्यतः कोंबड्यांच्या आतड्यात, त्यांना कसलाही त्रास न देता, राहणारा जिवाणू. नेहमीच्या तापमानाच्या पाण्यात तो वाढत नाही. थंड पाण्यात मात्र बराच काळ तग धरतो. क्लोरिनपुढे तो टिकत नाही आणि तीव्र आम्लातही फार काळ जगत नाही. कागदावर पाहिले तर हा तसा लेचापेचा शत्रू. मग तो आत शिरतो कसा?

पहिले कारण संख्येचे. कॉलऱ्याला कोट्यवधी जंतू लागतात, तर कॅम्पिलोबॅक्टरचे पाचशे-आठशे जंतूही आजार घडवू शकतात, असे स्वयंसेवकांवरील प्रयोगांत आढळले आहे. पाण्याच्या थेंबाथेंबात जंतू असण्याची त्यासाठी गरज नाही. दुसरे कारण आकाराचे. मळसूत्रासारख्या देहामुळे तो चिकट श्लेष्म्यातून सहज पिळत पुढे जातो; जो थर इतरांना अडवतो, त्यातच हा रमतो. तिसरे कारण सर्वांत चकित करणारे. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिन ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर 'टोल-५' हा ग्राहक असतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या शेपटीतील प्रथिनाची घडण इतकी वेगळी आहे, की हा ग्राहक त्याला ओळखतच नाही. पहारेकऱ्याकडची छायाचित्रे जुनी, आणि चोराने चेहरा बदललेला.

तरीही बहुतेकांचे शरीर त्याला आठवडाभरात हुसकावून लावते. हा आजार पुढे काहींच्या नसांपर्यंत जातो, तो मात्र पहिल्या फळीच्या पराभवामुळे नव्हे. तिथे चूक होते ती दुसऱ्या, नेमका शत्रू हेरून मारणाऱ्या फळीची. या जिवाणूच्या काही वाणांच्या आवरणातील शर्करायुक्त रेणू मानवी नसांवरील गँग्लिओसाइड या रेणूंशी हुबेहूब मिळतेजुळते असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांनाच शत्रू समजतात. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात ते यामुळे. प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या सुमारे हजारातील एकालाच हे घडते, असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. पेरू या देशाने २०१९ आणि पुन्हा २०२३ मध्ये जीबीएसची अशीच लाट अनुभवली आणि २०१९ च्या लाटेतही संशोधकांना हाच जिवाणू सापडला होता.

हजारातील एक, हा आकडा पुण्याच्या संख्येशी ताडून पाहण्याजोगा आहे. पुण्यातील सर्वच रुग्णांना या जिवाणूमुळे जीबीएस झाला, असे म्हणता येत नाही; वाणागणिक हे प्रमाणही बदलते. त्यामुळे सरळ गुणाकार करून चालणार नाही. पण एवढे मात्र म्हणता येते, की रुग्णालयाच्या नोंदीत आलेल्या प्रत्येक रुग्णामागे अशा अनेकांची रांग असणार, ज्यांना हा जंतू शिवला, दोन दिवस पोट बिघडले आणि ज्यांचे नाव कुठल्याच यादीत लागले नाही. सोसायटीच्या बैठकीतील 'तिसऱ्याला काहीच का झाले नाही', या प्रश्नाचे उत्तर ही न दिसणारी रांग आहे. जठरातील आम्ल, आतड्यातील वस्ती, त्या दिवशी पोटात गेलेल्या जंतूंची संख्या, पोट रिकामे होते की भरलेले, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी बहुतेकांना वाचवले. कोणाला वाचवले नाही, यात दोष त्याच्या 'कमकुवत प्रतिकारशक्ती'चा होता, असे मानायला काहीच आधार नाही. जीबीएस धडधाकट तरुणांनाही गाठतो.

काढ्यांचा बाजार

पुणेकरांना साथीची ओळख नवी नाही. देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद शाळा आणि चित्रपटगृहे, औषधांच्या दुकानांतून गायब झालेले मास्क हे सारे शहराने पाहिले. स्कार्फने चेहरा गुंडाळून दुचाकी चालवणाऱ्या पुण्यातील मुलींची तोवर थट्टा होत असे. ती काही काळ थांबली. तो विषाणू नवा असल्याने तरुण पिढीकडे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. अनेक ज्येष्ठांना मात्र दशकांपूर्वीच्या तशाच विषाणूची जुनी ओळख कामी आली. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले करोनाबाधितही पुण्यातच आढळले आणि या वेळी तर कोणाकडेच जुनी ओळख नव्हती. सारा भार पहिल्या फळीवर आला.

त्याच काळात 'इम्युनिटी' हा शब्द किराणा मालाच्या दुकानापर्यंत उतरला. काढ्याची पाकिटे, गोळ्या, रस, थेंब. बिस्किटांपासून गाद्यांपर्यंत सर्व काही प्रतिकारशक्ती 'वाढवू' लागले. आले-तुळशीचा काढा घशाला ऊब देतो आणि त्यात वावगे काहीच नाही. पण प्रतिकारशक्ती ही मोबाइलच्या बॅटरीसारखी टक्क्यांत चढत नाही. ती वाढलेली नेहमी हितकारकच असते, असेही नाही. करोनाच्या गंभीर रुग्णांत फुफ्फुसांची हानी अनेकदा विषाणूपेक्षा दाहाच्या बेफाम लाटेने केली आणि ती आवरण्यासाठी डॉक्टरांना स्टेरॉइड द्यावे लागले, म्हणजे प्रतिकार दाबावा लागला. दुसरीकडे, अतिगंभीर रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात इंटरफेरॉन या विषाणूरोधक द्रव्यालाच निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. पहिली फळी कमी पडली तरी घात आणि आवरली नाही तरी घात, असा हा तोल आहे. कुठल्याही पाकिटावरच्या जाहिरातीत तो मावत नाही.

अविशिष्ट संरक्षण बाहेरून बळकट करण्याचा गंभीर शास्त्रीय प्रयत्न झालाच नाही, असे नाही. क्षयाविरुद्धची बीसीजी लस भक्षक पेशींना सर्वसाधारण 'तालीम' देते, असे काही अभ्यासांतून दिसले होते. करोनाच्या काळात त्यावर मोठी आशा बांधली गेली. भारतातही चाचण्या झाल्या. पण पाच देशांतील सुमारे चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला, तेव्हा बीसीजीने करोनापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. एवढ्या काटेकोर प्रयत्नाला जे साधले नाही, ते दीडशे रुपयांच्या बाटलीला साधेल, असे मानणे धाडसाचे आहे.

ही फळी दुबळी कशाने होते, हे मात्र पुरते ठाऊक आहे. तंबाखूचा धूर श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतो. मग धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारा श्लेष्म्याचा पट्टाच अडतो. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिल सुस्तावतात. पायाची साधी जखम चिघळते ती त्यामुळेही. कुपोषणात आतड्याचे अस्तर विरळ होते. अपुऱ्या झोपेचा परिणामही तपासून पाहिलेला आहे. यातले काही विकत घेता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

दिव्याखालचा अंधार

शरीराच्या तटबंदीची ही सारी चर्चा एका मुद्द्याशी येऊन थांबते, तो म्हणजे संख्या. ही तटबंदी शंभरांना अडवेल, कदाचित हजारांनाही. दहा हजारांपुढे तिचे काही चालेलच असे नाही. पोटात किती जंतू पोचावेत, हे शरीराच्या हाती नाही. ते ठरते जलशुद्धीकरण केंद्रात, पाइपच्या जोडात आणि इमारतीच्या टाकीत.

खडकवासला धरण १८७९ चे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांच्या साथीने त्यावर आजचे पुणे जगते. धरणाचे पाणी पर्वती, वडगाव, वारजे येथील केंद्रांत शुद्ध होऊन शहरात जाते. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे मात्र धरणाच्या पायथ्याशी, शुद्धीकरण केंद्रांच्या अलीकडे. धायरी २०१७ मध्ये आणि नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावे २०२१ च्या जूनअखेरीस महापालिकेत आली. त्यांच्यासोबत आल्या ग्रामपंचायतीच्या काळातल्या पाणीयोजना. साथ उसळली तेव्हा या भागातल्या मोठ्या लोकवस्तीला धरणातून विहिरीत घेतलेले पाणी केवळ क्लोरिन मिसळून, गाळणप्रक्रियेविना, पुरवले जात असल्याचे समोर आले. दरम्यान शेतांच्या जागी बहुमजली गृहप्रकल्प उभे राहिले होते. ज्यांच्या दारातून शहराचे पाणी जाते, त्यांच्याच नळाला शुद्ध केलेले पाणी नाही, हे पुण्याच्या विस्ताराचे नेहमीचेच चित्र. विलीनीकरणाचा अध्यादेश एका दिवसात निघतो. जलवाहिनी तशी निघत नाही.

नळाला भरवसा नाही म्हणून लोकांनी जे पर्याय शोधले, तेही तपासण्यासारखे होते. टँकर कुठल्या विहिरीतून भरतो, हे घेणाऱ्याला माहीत नसते. गल्लोगल्ली उभे राहिलेले आरओचे खासगी प्रकल्प तर वीस लिटरच्या जारमधून 'शुद्ध' पाणी विकत होते; साथीच्या काळात महापालिकेने तपासणी करून त्यातील अनेकांना टाळे लावले. आरओ यंत्राचा गुण सर्वांना माहीत असतो, त्याची मेख फारशी कोणी सांगत नाही. हे यंत्र क्षारांबरोबर पाण्यातील क्लोरिनही काढून टाकते. म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्याला पुढे कोणतेच संरक्षण राहत नाही. जार नीट धुतलेला नसेल, पिंपात भांडे बुडवणारा हात स्वच्छ नसेल, तर ते पाणी साध्या नळाच्या पाण्याहून लवकर बिघडते. उकळणे हा उपाय जुना आणि कटकटीचा खरा. पण कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस दोन्ही त्याला बळी पडतात. सॅनिटायझरचा मात्र नोरोव्हायरसवर पुरेसा परिणाम होत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरिन असावा लागतो. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तेव्हा ०.५ मिलिग्रॅम. जठरातील आम्ल शरीरात जे काम करते, तेच हा उरलेला क्लोरिन पाइपमध्ये करतो. जंतू कोणता, हे तो विचारत नाही. टाकीत तो भरपूर असून उपयोग नसतो; वाटेत पाइप गळका असेल, शेजारून सांडपाणी जात असेल, पाणी ठरावीक तासच सुटत असेल, तर बंद काळात पाइपमधील दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत खेचली जाते. तिला मारता मारता क्लोरिन संपतो. म्हणून मोजमाप करायचे ते विहिरीवर नव्हे, शेवटच्या नळावर.

ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षकांना हे काम नवे नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची आणि नंतर नळाच्या पाण्याची 'ओटी टेस्ट' घ्यायची, हा खेड्यापाड्यांतला जुना रिवाज. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे काही थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. पिवळा आला तर क्लोरिन आहे. पाणी तसेच राहिले, तर नाही. गाव महापालिकेत गेले, की हा रिवाज कोणाच्या कामाच्या यादीत राहतो, हे २०२१ ते २०२५ या चार वर्षांच्या नोंदवहीतून कळू शकेल. नांदेड-किरकटवाडीच्या सोसायट्यांनी मागायला हवा तो हा कागद: शेवटच्या नळावर घेतलेल्या ओटी टेस्टची तारीखवार नोंद, इमारतीच्या नावासह.